टांगा कोण हाकणार? समतेच्या लढ्याची पुस्तकं मुलांना कशी द्यावीत

जयंती जवळ आली की आमच्या पारोळ्याच्या बाजारात थोर पुरुषांच्या पातळ पुस्तिकांची थप्पी लागते. चकचकीत कव्हर, आत सगळ्यांचं बालपण सारखंच. लहानपणापासून हुशार, घरची परिस्थिती बेताची, अभ्यासाची आवड, पुढे अपार कष्ट, शेवटच्या पानावर विनम्र अभिवादन. फुल्यांच्या पुस्तिकेत कर्मवीरांचं नाव घातलं तरी छापणाऱ्याच्याही लक्षात येणार नाही. शाळेला देणगी म्हणून अशा पुस्तिका गठ्ठ्याने येतात आणि पेटीत कोऱ्याच्या कोऱ्या राहतात. मुलं त्यांना हात लावत नाहीत, कारण त्यात भांडणच नसतं.

समतेचा लढा म्हणजे भांडणच की. कोणीतरी एक नियम केलेला असतो. कोणाला तरी तो सोयीचा असतो. मग कोणीतरी ‘नाही’ म्हणतं आणि त्याची किंमत मोजतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वर्गातल्या पुस्तकपेटीची खरेदी माझ्याकडेच असते आणि माझी पारख एवढीच आहे: ह्या चार गोष्टी पुस्तकात सापडल्या तर घ्यायचं. दुकानात उभ्याउभ्या मधलं पान उघडायचं. नियम करणारा कोण ते लिहिलंय का? की नुसतं ‘त्या काळी समाजात अनिष्ट रूढी होत्या’? रूढी आभाळातून पडत नाहीत. ‘होत्या’ म्हणून मोकळं होणारं पुस्तक परत थप्पीवर ठेवा.

महाडचं उदाहरण घ्या. चवदार तळ्याची गोष्ट मुलांच्या बहुतेक पुस्तकांत ओंजळीतल्या पाण्याने सुरू होते आणि तिथेच संपते. पण त्या ओंजळीच्या आधी कागद आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागदावर तळं उघडलं, काठावर मात्र कोणाची जायची छाती नव्हती. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं चालत गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ मध्ये. चौथीच्या पोराला वजाबाकी येते. १९३७ वजा १९२३ फळ्यावर करायला लावा. हक्क मिळाल्याचा कागद आणि हक्क मिळणं यांच्यामध्ये चौदा वर्षं बसतात हे त्याला स्वतःच्या हाताने काढू द्या. ज्या पुस्तकात हा मधला भाग आहे ते पुस्तक दहा पुस्तिकांना भारी.

चित्रंही बघून घ्या. ज्यांच्यावर अन्याय होतोय ती माणसं प्रत्येक चित्रात मान खाली घालून, हात जोडून उभी आहेत का? एक मोठा माणूस मध्ये आणि बाकी सगळे ठिपके? महाडला ठिपके गेले नव्हते, ज्यांना परत गावी जाऊन त्याच लोकांत राहायचं होतं अशी माणसं गेली होती. आपल्याकडे आणखी एक बघायचं. नंदुरबारकडच्या भिल्ल, पावरा मुलांना पुस्तकात स्वतःसारखं कोणी दिसलंच तर ते डोक्यात पीस खोचलेलं, हातात तिरकमठा धरलेलं दिसतं. शहाद्याच्या बाजूला १९७२ च्या सुमारास अंबरसिंग महाराजांच्या मागे ज्या आदिवासींनी जमिनीसाठी आणि मजुरीसाठी संघटना उभी केली, त्यांच्या हातात सातबारा असलेलं चित्र मला तरी मुलांच्या पुस्तकात सापडलेलं नाही. कोणी काढलं तर कळवा, पेटीसाठी लगेच घेते.

आता खानदेशातल्या प्रत्येक शिक्षकाने, आईबापाने पाठ करावी अशी गोष्ट सांगते. ही बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आठवणींच्या छोट्या टिपणात. सातारहून कोरेगावला वडिलांना भेटायला निघालेल्या नऊ वर्षांच्या मुलाला वाटेत पाणी मिळत नाही, ती गोष्ट त्यातलीच. ती पुष्कळांना माहीत असते. त्याच टिपणात आपलं चाळीसगाव आहे, हे मात्र चाळीसगावच्या पोरांनाही माहीत नसतं.

साल १९२९. बाबासाहेब बॅरिस्टर झालेले, सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद. अस्पृश्यांवर गावाने टाकलेल्या बहिष्काराचा तपास करायला ते धुळ्याच्या बाजूला आले होते. परतताना चाळीसगाव स्टेशनवर उतरले, कारण वस्तीतल्या लोकांनी एक रात्र मुक्कामाचा आग्रह केला होता. वस्ती नदीपलीकडे. स्टेशनवर ते तासभर खोळंबले. का? तर महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. पाहुण्याला पायी न्यायचं हे वस्तीतल्या लोकांना बरं वाटेना. शेवटी तोड निघाली. टांगेवाला भाड्याने टांगा देईल, पण हाकणार नाही. मग वस्तीतलाच एक जण पुढे बसला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. थोडं पुढे गेल्यावर मोटार अंगावर येता येता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीवर चाक दगडाला अडकलं. बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले, घोडा आणि टांगा नदीत. पायाचं हाड मोडलं.

ही गोष्ट वर्गात सांगताना मी स्टेशनवर थांबते. टांगा आलाय, घोडा उभा आहे, टांगेवाला खाली उतरलाय. ‘आता काय करायचं?’ वर्ग म्हणजे स्टेशनवर जमलेली वस्तीतली माणसं, एवढंच नाटक. मी कोणालाच बाबासाहेब करत नाही, टांगेवाला करत नाही. मग जी खडाजंगी होते ती ऐकण्यासारखी असते. ‘पायी चालनं जावानं ना!’ हे पहिलं. लगेच दुसरा, ‘इतला मोठा मानूस पायी लई जावा का?’ कोणी म्हणतं बैलगाडी आणा. कोणी म्हणतं टांगेवाल्याला डबल पैसे द्या. तेव्हा मी एवढंच सांगते की भाडं तर त्याला मिळतच होतं. मग शांतता. पैशाचा प्रश्न नाही हे पोरांना तिथे कळतं, आणि कोणत्याही व्याख्यानाशिवाय कळतं. बाबासाहेबांनी स्वतः नंतर हाच हिशेब मांडला आहे की लोकांनी पाहुण्याच्या मानाचा विचार केला, जिवाचा करायचा राहिला. त्यात वस्तीवर राग नाही. एका टांगेवाल्याला बॅरिस्टरपेक्षा आपण वरचे वाटतो, ह्याचा मात्र स्पष्ट उल्लेख आहे.

टिपण इंग्रजीत आहे, महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात ते मिळतं. भाषा सोपी आहे. दोन-तीन पानांचा प्रसंग आहे, स्वतः वाचा आणि आपल्या बोलीत सांगा. आम्ही अहिराणीत सांगतो. छापील मराठीत ऐकताना मुलं सरळ बसतात, अहिराणीत ऐकताना मध्ये बोलतात, आणि आपल्याला ती बोलायला हवी असतात.

चाळीसगावच्या टांग्याशेजारी मी अमेरिकेतली बस ठेवते. मॉन्टगोमेरी शहर, १ डिसेंबर १९५५, रोझा पार्क्स. गोऱ्या माणसासाठी बसमधली जागा सोडायला ह्या काळ्या बाईने नकार दिला आणि तिला अटक झाली. तिच्यावरची पुस्तकं घेताना एका वाक्याकडे डोळ्यात तेल घालून बघा: ‘दिवसभर शिवणकाम करून दमलेली एक साधी बाई उठली नाही.’ असं लिहिलेलं पुस्तक नको. ती बेचाळीस वर्षांची होती, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या तिथल्या शाखेची सचिव म्हणून वर्षानुवर्षं काम करत आलेली होती. अंगाने दमले नव्हते, सोसून दमले होते, असं तिनेच पुढे सांगितलं आहे. तिच्या आधी नऊ महिने, त्याच शहरात, क्लॉडेट कोल्व्हिन नावाची पंधरा वर्षांची मुलगी अशीच उठायला तयार झाली नव्हती आणि पोलिसांनी तिला ओढून नेलं होतं. आठवी-नववीच्या मुलींना रोझापेक्षा क्लॉडेट जवळची वाटते, कारण तिच्या हातात शाळेची पुस्तकं होती. आणि रोझाच्या अटकेनंतर ३८१ दिवस काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. कामाला पायी गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले. आमच्याकडे एसटीचा संप झाला तेव्हा चार दिवसांत घराघरात काय तारांबळ उडाली ते मुलांनी बघितलंय. ३८१ चा अर्थ त्यांना त्यावरून लागतो.

इथे एक प्रश्न हमखास येतो, त्याची तयारी ठेवा. ‘मॅडम, मग एसटीत बायांसाठी सीट राखीव राहते, तो भेदभाव नाही का?’ फार चांगला प्रश्न आहे, दटावू नका. मी मुलांना मॉन्टगोमेरीचा नियम नीट सांगते. पुढच्या रांगा गोऱ्यांच्या. काळ्या माणसाने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, परत खाली उतरायचं आणि मागच्या दाराने चढायचं. कधीकधी तो मागे पोचायच्या आत बस निघून जायची, पैसे गेले ते गेले. आणि गोरे जास्त झाले तर ड्रायव्हर मागच्या रांगाही मोकळ्या करायला लावायचा. आता एसटीचा नियम सांगा. ज्याला गर्दीत जागाच मिळत नाही त्याच्यासाठी जागा धरून ठेवलेली आहे. एकात माणसाला जागेपासून दूर ठेवलंय, दुसऱ्यात जागेपर्यंत पोचवलंय. सहावीतली मुलं हे पटकन पकडतात. मोठी माणसं पकडत नाहीत, तो विषय वेगळा. आरक्षणावर घरात जे बोललं जातं ते मुलं ऐकतच असतात, निदान पुढच्या वेळी ऐकताना त्यांच्याजवळ एक मोजपट्टी असेल.

पहिली-दुसरीच्या मुलांना तारखा, ठराव, कोर्ट काही नको. त्यांच्यासाठी रुबी ब्रिजेस. १९६० साली न्यू ऑर्लिन्समध्ये सहा वर्षांची मुलगी गोऱ्यांच्या शाळेत एकटी जाते, बाहेर मोठी माणसं ओरडतात, सरकारी मार्शल सोबत चालतात. आत गेल्यावर वर्गात दुसरं कोणीच नाही, कारण बाकीच्यांनी आपली मुलं काढून घेतली. एक शिक्षिका, बार्बरा हेन्री, वर्षभर तिला एकटीला शिकवते. रिकामा वर्ग लहान मुलांना कळतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आमचा वर्गही बघण्यासारखा असतो, पण ते कारण वेगळं आणि त्यावर लिहायचं तर स्वतंत्रच लिहावं लागेल.

सातवीच्या पुढे मुक्ता साळवे द्यायलाच हवी. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांच्या आसपासची मातंग मुलगी, १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. म्हणजे ही मुलांसाठी कोणी मोठ्याने लिहिलेली गोष्ट नाही, मुलीनेच लिहिलेलं आहे आणि त्यात राग आहे. निबंधस्पर्धेत बक्षीस मिळावं असा गोड निबंध लिहायची सवय लागलेल्या आपल्या पोरींनी तो एकदा मोठ्याने वाचावा.

आपल्या भागातली नावं घेताना थोडं जपून. नंदुरबारचा शिरीषकुमार सगळ्यांना माहीत असतो, ९ सप्टेंबर १९४२ ला हातात तिरंगा धरून पोलिसांच्या गोळीला सामोरा गेलेला पंधरा वर्षांचा मुलगा. पण तो लढा परक्या सत्तेशी होता. मुलांना तो सोपा जातो, कारण वाईट माणूस बाहेरचा असतो. समतेच्या गोष्टीत तो गावातलाच निघतो. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच दिवशी नकोत, नाहीतर सगळं ‘देशभक्ती’ ह्या एका खणात जाऊन पडतं. साने गुरुजींचंही तसंच. अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं म्हणून ते आपले, आई-मुलाच्या गोष्टींमुळे घराघरातले. पण पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषणाला बसलेले गुरुजी मुलांना भेटतच नाहीत. रडवणारे गुरुजी सगळ्यांना चालतात, अडवणारे चालत नाहीत.

वर्गात वाचताना पाळायच्या गोष्टी फार नाहीत, पण आहेत त्या पक्क्या. ज्या जातीची गोष्ट आहे त्या घरच्या मुलाकडे वाचताना बघू नका. हे ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. आपले डोळे आपोआप तिकडे जातात आणि मग अख्खा वर्ग तिकडे बघतो. पुस्तकावर नाहीतर मागच्या भिंतीवर नजर ठेवा. ‘तुमच्याकडे असं होतं का रे?’ हे तर चुकूनही नको. शिष्यवृत्तीच्या याद्या भरताना वर्गात जातीची नावं मोठ्याने पुकारणारे महाभाग आहेत. एकीकडे ते आणि दुसरीकडे समतेचा तास, ह्याला काही अर्थ नाही. कोणी आपणहून काही बोललं, म्हणजे लग्नाच्या पंगतीत आम्हाला शेवटी बसवलं किंवा अमक्याकडे आमच्यासाठी कप वेगळा आहे, तर तास थांबवून त्यावर चर्चा घेऊ नका. ऐका, ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा, पुढे चला. नंतर एकट्याशी बोला. त्याची गोष्ट ही तुमची शैक्षणिक सामग्री नव्हे.

पालक येतात. ‘शाळेत जात कशाला शिकवता?’ वाद घालू नका, संविधानाचा अनुच्छेद १५ वाचून दाखवा. त्यात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी यादीच दिली आहे आणि धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही तिथे अडवता येणार नाही असं म्हटलं आहे. एका दादांना मी ते वाचून दाखवलं, तर म्हणाले, ‘विहीर बी लिखेल शे का यामां?’ लिहिलेली आहे. का लिहावी लागली ते पुस्तकात आहे, मुलाला घरी न्यायला सांगते, तुम्हीही वाचा, असं म्हणून मी महाडचं पुस्तक त्यांच्या मुलाच्या नावावर टाकलं. आठवड्याने परत आलं, पान दुमडलेलं होतं. मुलं पान दुमडत नाहीत, पान फाडतात.

पुस्तकं मिळवायला पैसा फार लागत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रगोष्टी मोफत आहेत, छापून घ्यायलाही परवानगी आहे. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर पुस्तकांचा खजिना आहे, त्यात अमेरिकेच्या नागरी हक्क चळवळीवरची हिंदी चित्रपुस्तकं मिळतात. आपल्या मुलांना टीव्हीमुळे हिंदी येतंच. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात. ग्रामपंचायतीच्या निधीतून घ्यायची असतील तर यादी स्वतः करून द्या, नाहीतर पुन्हा चकचकीत पुस्तिकांचा गठ्ठा येईल.

पण पेटीतलं सगळ्यात फाटलेलं पुस्तक विकतचं नाही, मुलांनी केलेलं आहे. साने गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहात मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे, तिथून मला हे सुचलं. दैनिक आपल्याच्याने होत नाही, वर्षाला एक पुस्तक होतं. जुन्या कॅलेंडरची पानं पाठकोरी घ्यायची, मध्ये दुमडून वह्या शिवायच्या दाभणाने शिवायची. स्टेपलर नको, पावसाळ्यात पिना गंजतात. एका पानावर एक वाक्य आणि चित्र, त्यापेक्षा जास्त नाही.

मजकूर गावातूनच आणायचा. आजीला, आजोबांना एकच प्रश्न विचारायचा: ‘तुम्ही लहान होता तेव्हा पाणी कोणत्या विहिरीचं भरायचात, आणि तिथे कोण भरू शकत नव्हतं?’ ‘अस्पृश्यता होती का’ असं विचारलं तर सगळे ‘आपल्या गावात नव्हती’ म्हणतात. विहीर विचारली की उत्तर येतं, कारण विहिरीत खोटं बोलायला जागा नसते, ती अजून तिथेच असते. आमच्या एका मुलीची आजी म्हणाली, ‘त्या वरथीन पानी वतेत, आम्ही खाले हांडा धरूत.’ मुलीने ते जसंच्या तसं अहिराणीत लिहिलं. चित्रात विहीर छोटी, वरची बाई त्याहून छोटी, आणि हंडा धरलेले दोन हात सगळं पान भरून. हंड्यात पाणी पडताना बाहेर सांडतंय, ते थेंबही तिने एकेक काढलेत. मी फक्त शुद्धलेखनाचा लाल पेन खिशात ठेवला.

पुस्तकात घराण्यांची नावं घालू देऊ नका. विहिरीच्या मालकाचे नातू त्याच वर्गात, बहुतेक त्याच बाकावर असतात. ‘वरची बाई’, ‘खालची बाई’ एवढं पुरतं. आणि दोन्हीकडच्या आज्यांना विचारायला लावा. वर उभी असलेली आजीही सांगते, जरा उशिरा सांगते.

हे सगळं कधी करायचं? १४ एप्रिलला करू नका. तेव्हा परीक्षांची धावपळ आणि भाषणांची गर्दी असते. शाळा उघडून पेरण्या उरकल्या, वर्ग जरा स्थिरावला की जुलैमध्ये सुरू करा. धुळ्याच्या बाजूच्यांना तर जुलैचा शेवट सोयीचाच आहे. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते, लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले होते आणि दरवर्षी त्या तारखेला तिथे लोक जमतात. तिथे पुस्तकांचे स्टॉलही बघायचे आणि मधलं पान उघडूनच खरेदी करायची. मुलांना नेणार असाल तर बंगला चढावर आहे, पाऊस असतो, डबे आणि प्लास्टिकचे कागद सोबत घ्या आणि केंद्रप्रमुखांची परवानगी आठवडाभर आधी लेखी घेऊन ठेवा.